पाच घरांचं रिव्हॉल्व्हर: घराच्या रक्षणासाठी काडतूस कसं निवडावं

नऊ वर्षांपूर्वी माझ्या उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात एक काळानिळा डाग उमटला, तो आठवडाभर गेला नाही. नवरा महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर, मुलगी लहान, आणि आमचं घर डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात, गल्लीच्या अगदी टोकाला. बराच विचार करून आम्ही एक छोटं, पाच घरांचं रिव्हॉल्व्हर घेतलं, म्हणजे त्याच्या फिरत्या सिलिंडरमध्ये काडतुसं बसायला पाच भोकं. दुकानातल्या माणसाने सोबत काडतुसांची एक डबी पुढे केली आणि "याहून जोरदार काही मिळणार नाही" असं सांगितलं. नेमबाजीच्या रेंजवर पहिला बार काढला तेव्हा हात कपाळाच्या वर उडाला. दुसऱ्या बाराला चाप पुरता ओढण्याआधीच माझे डोळे मिटले होते. पाचपैकी दोन गोळ्या कागदाला लागल्या. कागद सात यार्डांवर होता, म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

उरलेल्या तीन गोळ्या घरात कुठे गेल्या असत्या, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आज मी नव्या मंडळींना, विशेषतः बायकांना, रेंजवर सोबत करते. काडतूस कोणतं घ्यायचं, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: जे काडतूस तुमच्याच रिव्हॉल्व्हरमधून, तुमच्याच हाताने, पाचही वेळा जागेवर लागतं आणि पुरेसं खोल जातं, तेच तुमचं. डबीवरचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं.

आधी कायदा

हे वाचणारे बरेच जण एच-१बी वर असतील, काही विद्यार्थी असतील, म्हणून हे पहिल्यांदा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकच नव्हे, तर नुसतं काडतूसही बाळगता येत नाही. एच-१बी, एच-४, एफ-१ हे सगळे त्यात येतात, आणि सहा महिन्यांसाठी आलेले आपले आई-बाबासुद्धा. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं हा मुख्य अपवाद. मित्राबरोबर रेंजवर "फक्त एकदा उडवून बघतो" म्हणणाऱ्यालाही हा नियम लागू आहे, आणि उल्लंघन झालं तर व्हिसाच पणाला लागतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही. वय आणि राज्याचे नियम मात्र पाळावे लागतात. परवानाधारक दुकानातून हँडगनची काडतुसं घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात.

राज्याराज्यांत फरक आहेत. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्डाशिवाय, म्हणजे राज्याने दिलेल्या बंदूकधारकाच्या ओळखपत्राशिवाय, काडतुसं बाळगता येत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून काडतुसांच्या खरेदीलाही पार्श्वभूमी तपासणी आहे. एडिसन-इझेलिनकडची मराठी घरं लक्षात घेऊन न्यू जर्सीचं वेगळं सांगते: तिथे पोकळ टोकाची, म्हणजे लागल्यावर फुलून रुंद होणारी, गोळी घरात ठेवता येते, दुकानातून घरी आणि घरातून रेंजवर नेता येते, पण ती भरून बाहेर हिंडणं गुन्हा ठरू शकतो. आपण इथे घरातल्या रक्षणाबद्दल बोलतोय. तरी आपल्या राज्याचा नियम खरेदीआधी स्वतः वाचा, दुकानदाराच्या तोंडच्या माहितीवर राहू नका.

नळीवर काय कोरलंय ते वाचा

छोटं रिव्हॉल्व्हर म्हटलं की बहुतेक वेळा ते .३८ स्पेशलचं असतं. स्मिथ अँड वेसनने हे काडतूस १८९८ साली आणलं. त्याच कंपनीचं पाच घरांचं छोटं ‘चीफ्स स्पेशल’ १९५० साली आलं, आणि आजची ‘जे-फ्रेम’ रिव्हॉल्व्हरं त्याच वंशातली. नळी जेमतेम पावणेदोन-दोन इंच. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं एअरवेट ४१० ग्रॅमच्या आसपास भरतं, रूगरचं एलसीआर त्याहून थोडं हलकं, आणि पोलादी मॉडेल ६० सहाशे ग्रॅमच्या घरात जातं. हे वजन लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे.

रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामं करा, सिलिंडर बाहेर काढून पाचही घरं डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मग उजेडात नळीच्या बाजूला कोरलेली अक्षरं वाचा. तिथे ‘.३८ स्पेशल’ लिहिलं असेल तर ते आणि तेवढंच. पुढे ‘प्लस-पी’ असेल तर जास्त दाबाचं काडतूसही चालतं. ‘.३५७ मॅग्नम’ असेल तर त्यात .३८ स्पेशलही चालतं. उलट मात्र चालत नाही. मॅग्नमची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं नळकांडं, मुद्दामच तीनेक मिलिमीटर लांब ठेवलेली आहे, म्हणजे ती .३८ च्या घरात पुरती बसूच नये. अमेरिकी मानकाप्रमाणे .३८ स्पेशलचा कमाल दाब १७,००० पीएसआय, प्लस-पी चा २०,००० आणि .३५७ मॅग्नमचा ३५,००० आहे. आकडे बघितले की अक्षरं वाचायचा आग्रह का, ते कळतं. जुन्या, अक्षरं पुसट झालेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्लस-पी घालू नका.

अजून एक गोंधळ आपल्याकडच्यांचा हमखास होतो. आजोबा किंवा मामा पोलिसात होते, त्यांच्याकडे ‘पॉइंट थ्री एट’ होतं, असं बऱ्याच घरांत ऐकायला मिळतं. ब्रिटिश काळापासून भारतीय पोलिसांकडे असलेलं ते वेब्ली रिव्हॉल्व्हर .३८ स्मिथ अँड वेसन जातीच्या काडतुसाचं. ते काडतूस आखूड आणि किंचित जाड असतं. .३८ स्पेशलशी त्याचं नावापुरतंच नातं. दुकानात मागताना ‘स्पेशल’ हा शब्द कधीही गाळू नका, आणि डबी हातात आली की काडतुसाच्या बुडावरची अक्षरंही बघा.

ग्रेन म्हणजे काय, ते तोळ्यात समजून घ्या

डबीवर ११०, १३०, १३५, १४८, १५८ असे आकडे असतात. ते गोळीचं वजन, ग्रेनमध्ये. अनेकांना वाटतं की ही दारूची मात्रा आहे. तसं नाही. ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, आणि आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. माझ्या आईला मी हे असंच समजावलं होतं: १३५ ग्रेनची गोळी म्हणजे पाऊण तोळा, ९० ग्रेनची म्हणजे अर्धा तोळा, आणि १५८ ग्रेनची म्हणजे तोळ्याला थोडी कमी. सोनाराच्या तराजूची सवय असलेल्या हाताला हे लगेच पटतं.

हलकी गोळी वेगाने जाते, जड सावकाश. हलक्या गोळीचा झटका साधारणपणे कमी, पण ती लवकर थबकते. जड गोळी सावकाश का होईना, खोल जाते. डबीवर छापलेला वेग बहुतेक वेळा चार इंची चाचणी-नळीतला असतो. तुमच्या दोन इंची नळीत दारूला जळायला तेवढी लांबी मिळत नाही, म्हणून वेग सेकंदाला शंभर फुटांनी, कधी त्याहूनही जास्त घसरतो. सगळी मेख इथेच आहे. चार इंची नळीतून छान फुलणारी गोळी दोन इंची नळीतून मुळीच न फुलता जाऊ शकते.

खोली पहिली, फुलणं नंतर

पोकळ टोकाची गोळी आत शिरली की टोक उमलतं, ती रुंद होते आणि लवकर थांबते. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात अशा पसरणाऱ्या गोळ्या बनल्या, आणि ‘डमडम’ हा शब्द जगभर गेला. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने त्यांच्यावर बंदी आणली, पण ती युद्धापुरती. त्यामुळे "या गोळ्यांवर तर जगात बंदी आहे ना?" असं कुणी विचारलं तर उत्तर हेच. घरगुती रक्षणात आणि पोलिसांत त्या वापरण्यामागे एक साधं कारण आहे: पोकळ टोकाची गोळी पलीकडे निघून तिसऱ्याच कुणाला लागण्याची शक्यता कमी असते.

पण ती पुरेशी खोल गेली नाही तर रुंद होऊन उपयोग नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयची दोन सशस्त्र गुन्हेगारांशी चकमक झाली, त्यात दोन एजंट मारले गेले. तपासात दिसलं की एका गुन्हेगाराला सुरुवातीलाच लागलेली गोळी दंडातून छातीत शिरून महत्त्वाच्या जागेच्या अलीकडे थांबली होती, आणि तो पुढेही लढत राहिला. त्यानंतर एफबीआयने जी चाचणी ठरवली तीच आज सगळे वापरतात: मांसाच्या जागी १० टक्के जिलेटिनचा ठोकळा, समोर कपड्यांचे थर, आणि गोळी १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४६ सेंटिमीटर खोल जायला हवी. बारा इंच ऐकून लोक दचकतात. पण माणूस समोर छाती काढून उभा नसतो. तो तिरका असतो, हात आडवा असतो, अंगात जाड जॅकेट असतं.

कापड हा दोन इंची नळीचा मोठा शत्रू. जीन्सचं कापड गोळीच्या पोकळीत बोळ्यासारखं बसतं आणि गोळी फुलायची राहते. अशी गोळी मग साध्या गोळीसारखी सरळ जाते. ही गोष्ट लक्षात घेऊन आखूड नळीसाठी मुद्दाम केलेली काडतुसं आहेत. स्पीअरचं ‘गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल’, १३५ ग्रेन प्लस-पी, न्यूयॉर्क पोलिसांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरांसाठी घडवलं गेलं. त्याच्या पोकळीचं तोंड चांगलं मोठं आहे. फेडरलचं ‘एचएसटी मायक्रो’, १३० ग्रेन प्लस-पी, विचित्रच दिसतं, कारण त्यात गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट, आत दडलेली असते. हॉर्नडीचं ‘क्रिटिकल डिफेन्स’, ११० ग्रेन, पोकळीत लाल रबरी टोक घातलेलं असतं म्हणून कापड आत शिरत नाही. याचा साध्या दाबाचा प्रकार हाताला सौम्य आहे, पण खोली पहिल्या दोघांपेक्षा बेताची. १९७० च्या दशकात गाजलेलं ‘एफबीआय लोड’, म्हणजे १५८ ग्रेन शिशाची पोकळ टोकाची प्लस-पी, आजही मिळतं. पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये मला ते आवडतं, हलक्यात नाही.

साप मारायची छर्र्याची काडतुसंही .३८ मध्ये मिळतात. "भिंतीपलीकडे जाणार नाहीत" म्हणून ती घरात भरून ठेवणारे लोक मी पाहिलेत. ते छर्रे अंगातही पुरेसे जात नाहीत. सापासाठी आहेत, सापासाठीच ठेवा.

वॅडकटर: ज्याच्याकडे कुणी बघत नाही

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं काडतूस. वॅडकटर म्हणजे १४८ ग्रेन शिशाची, पुढून अगदी सपाट गोळी. ती पुंगळीत इतकी आत बसते की काडतूस टोकाशी चपटं, पेन्सिलीच्या खोडरबरासारखं दिसतं. हे नेमबाजीच्या स्पर्धांसाठी बनलं. कागदावर पंचने पाडल्यासारखं गोल, स्वच्छ भोक पडतं, म्हणजे गुण मोजायला सोपं. वेग कमी, आवाज त्यातल्या त्यात कमी, झटका फारच थोडा. ही गोळी फुलतच नाही, म्हणून कापडाने बोळा बसायचा प्रश्नच येत नाही. आणि दोन इंची नळीतूनही ती जिलेटिनमध्ये बारा इंचांच्या पुढे आरामात जाते.

माझ्या अंगठ्याचा डाग गेल्यावर एका वयस्कर प्रशिक्षकाने माझ्या तळहातावर अशी पाच काडतुसं ठेवली. त्याच रिव्हॉल्व्हरमधून, त्याच सात यार्डांवर, पाचही गोळ्या एका फुलक्याएवढ्या वर्तुळात लागल्या. डोळे उघडे होते. रिव्हॉल्व्हर तेच आणि हातही माझाच, फक्त काडतूस बदललं होतं.

दोष आहेत. सपाट तोंडाचं काडतूस घाईत सिलिंडरच्या घरात सरकत नाही, कडेवर अडतं. म्हणून रिव्हॉल्व्हरमध्ये वॅडकटर आणि शेजारच्या स्पीडस्ट्रिपमध्ये (पुन्हा भरायची काडतुसं ओळीत धरणारी रबरी पट्टी) गोल टोकाची काडतुसं, अशी जोडी मी ठेवते. शिसं उघडं असल्यामुळे नळीत आणि हाताला शिशाचा लेपही बसतो. काही वॅडकटर फारच कमी दारूची असतात, तेव्हा नामांकित कारखान्याचीच घ्या, घरी भरलेली किंवा पुन्हा भरलेली नकोत.

ज्यांच्या हाताला वॅडकटरही जड जातं, संधिवात आहे, बोटांत जोर नाही, त्यांनी काडतुसापेक्षा रिव्हॉल्व्हर बदलावं. .३२ एच अँड आर मॅग्नम किंवा .३२७ फेडरलच्या छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये घरं सहा असतात. .३२७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ ची जुनी सौम्य काडतुसंही चालतात. .२२ चा झटका तर नगण्य, पण त्यात घोड्याचा ठोका पुंगळीच्या काठाला बसतो आणि बार न उडण्याचं प्रमाण जास्त असतं. शिवाय त्याचा चाप बहुधा आणखी कडक असतो.

रेंजवरची परीक्षा

दोन-तीन प्रकारांच्या डब्या घ्या. रक्षणाची काडतुसं २० किंवा २५ च्या डबीत येतात आणि महाग पडतात, वॅडकटर ५० च्या डबीत. कानावर दुहेरी संरक्षण लावा, आत फोमचे बोळे आणि वर कानटोप. छोट्या रिव्हॉल्व्हरचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि १४० पासून कानाला कायमची इजा होऊ शकते. चष्मा हवाच.

पहिल्यांदा नुसता नेम. सात यार्डांवर सहा इंचांचं वर्तुळ, घाई न करता पाच बार. गोळ्या कुठे जमतात ते बघा. छोट्या रिव्हॉल्व्हरची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा उंचवटा, पक्की बसवलेली असते, हलवता येत नाही. बऱ्याच जुन्या रिव्हॉल्व्हरांची माशी १५८ ग्रेनच्या गोळीला धरून बसवलेली आहे, त्यामुळे हलकी, वेगवान गोळी नेमाच्या खाली लागते. जड गोळी नळीत जास्त वेळ असते, तोवर झटक्याने नळी वर उचललेली असते, म्हणून ती वर लागते. सात यार्डांवर एखाद-दोन इंचांचा फरक चालेल. चार इंचांचा असेल तर ते काडतूस कितीही नावाजलेलं असो, बाजूला ठेवा.

मग वेग. त्याच वर्तुळावर पाच बार पाच सेकंदांत, चाप प्रत्येक वेळी पूर्ण ओढून. हा चाप साधारण साडेपाच किलोचा असतो. घोडा अंगठ्याने मागे ओढून नेम धरायची सवय लावू नका, अंधारात थरथरत्या हाताने ते जमत नाही. तीन वेळा करा. पंधरापैकी किती आत लागल्या ते डबीवर पेनने लिहा. घरात दोघं ते रिव्हॉल्व्हर वापरणार असाल तर दोघांनीही करा, आणि काडतूस ज्याचा आकडा कमी त्याच्या हाताने ठरवा. आमच्या घरात तो आकडा माझा नव्हता, नवऱ्याचा होता. त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही, म्हणून आमचा निर्णय लवकर झाला.

तिसरी परीक्षा बहुतेक लोक करतच नाहीत, आणि हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी ती फार महत्त्वाची आहे. पाच काडतुसं भरण्याआधी त्यांतल्या एकाची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजून त्याच्यावर खूण करा. ते शेवटी उडेल अशा घरात ठेवा. चार बार काढा. सिलिंडर उघडून पाचवं काढा, पुन्हा मोजा. प्रत्येक झटक्याला रिव्हॉल्व्हर मागे येतं, पुंगळी त्याच्याबरोबर मागे येते, पण आतली गोळी जडत्वाने जागीच राहू बघते आणि हळूहळू पुंगळीतून बाहेर सरकते. लांबी नजरेत भरण्याइतकी वाढली तर ते काडतूस तुमच्या रिव्हॉल्व्हरला नको. पाचव्या बारापर्यंत गोळी सिलिंडरच्या पुढे डोकावली तर सिलिंडर फिरायचाच थांबतो. मी हे माझ्या डोळ्यांसमोर होताना पाहिलंय. एका बाईने आणलेल्या फार हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये, उघड्या शिशाच्या १५८ ग्रेन प्लस-पी काडतुसांनी, चौथ्या बारानंतर चाप ओढलाच जाईना. सिलिंडर मोकळा करायला रेंजमधल्या माणसाला पाच मिनिटं लागली. याच्या उलटची सूचनाही काही रिव्हॉल्व्हरांवर कोरलेली असते. स्मिथ अँड वेसनच्या ३४० पीडी या अतिशय हलक्या मॉडेलच्या नळीवर ‘१२० ग्रेनपेक्षा कमी गोळी नको’ असं लिहिलेलं आहे. ते पाळा.

रिकाम्या पुंगळ्या काढतानाही बघा. छोट्या रिव्हॉल्व्हरचा बाहेर ढकलणारा दांडा आखूड असतो, पुंगळ्या पूर्ण बाहेर पडत नाहीत. नळी आकाशाकडे करा आणि तळव्याने दांड्यावर एकच जोरदार थाप मारा. नळी खाली धरून काढलं तर न जळलेल्या दारूचे कण चांदणीच्या आकाराच्या त्या तुकड्याखाली जाऊन बसतात, मग सिलिंडर नीट मिटत नाही. जास्त दाबाच्या पुंगळ्या घराला चिकटतात. चिकटत असतील तर तेही काडतूस नापास.

निवड झाली की त्याच काडतुसाचे निदान पन्नास बार एकही खोड न काढता जायला हवेत. चाप ओढला आणि नुसता टक् आवाज आला, तर रेंजवर नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग सिलिंडर उघडा. प्रायमरवरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टिकलीवरचा, खळगा उथळ असेल तर दोष बहुधा रिव्हॉल्व्हरचा. चाप हलका करायला कुणी आतल्या स्प्रिंगा बदलल्या असतील तर हमखास असं होतं. आणि जर आवाज नेहमीपेक्षा दबका, फुसका बार निघाल्यासारखा आला, झटका जाणवलाच नाही, तर तिथल्या तिथे थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यावर दुसरा बार काढला तर नळी फुटते. रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळी आरपार दिसते का, हे बघितल्याशिवाय पुढचं काडतूस नाही.

भिंती

आपण विटांच्या घरांत वाढलो. इथली आतली भिंत म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा ठिसूळ पत्रा. माणसात बारा इंच जाणारी कुठलीही गोळी अशा एक नव्हे, अनेक भिंती पार करते, पोकळ टोकात तर ड्रायवॉलची भुकटी भरून ती फुलायचीच विसरते. याला काडतुसात उपाय नाही. दिवसा घरात फिरा. मुलांची खोली कोणत्या भिंतीमागे आहे, शेजाऱ्यांचं घर कोणत्या दिशेला, पुस्तकांनी भरलेलं कपाट कुठे आहे, हे बघून ठरवा की कोणत्या दिशेला कधीच नळी रोखायची नाही. आमच्या घरात जिन्याच्या खालून वर, ही ती दिशा आहे. आम्ही मुलीच्या खोलीत जमायचं, दार लावायचं, ९११ लावायचं, असं ठरलेलं आहे. रिव्हॉल्व्हर त्या दाराच्या आतल्या बाजूसाठी आहे.

ठेवणं, बदलणं, आणि बॅग

आई-बाबा आले की घरात नवे हात येतात, नातवंडांबरोबर कपाटं उघडली जातात. रिव्हॉल्व्हर बोटांच्या खुणेवर किंवा आकड्यांवर उघडणाऱ्या पोलादी पेटीत, पलंगाला केबलने बांधून. काडतुसं कोरड्या, थंड जागी. गॅरेजमध्ये नको, टेक्ससचा उन्हाळा तिथे भट्टी करतो. सिलिंडरच्या घरांना तेल अगदी पुसटसं आणि पुसून काढलेलं हवं, कारण तेल झिरपून प्रायमर निकामी करू शकतं. रेंजवरून आल्यावर आधी थंड पाणी आणि साबणाने हात-तोंड धुवा, कपडे वेगळे टाका, मगच मुलांना जवळ घ्या. शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार बाधतं. गरोदर असाल तर रेंजवर जाऊच नका.

भारतात जाताना रेंजची बॅग कधीही प्रवासाला घेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय एक जिवंत काडतूसही गुन्हा आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलाच्या पाठपिशवीच्या बाजूच्या कप्प्यात एक .३८ राहून गेलं होतं. इथून निघताना ते कुणाला दिसलं नाही, तिथल्या एका विमानतळावर परतीच्या वेळी दिसलं. विमान गेलं, गुन्हा नोंदला गेला, पासपोर्ट अडकला. ताबा जाणीवपूर्वक होता का, हे न्यायालय बघतं खरं, पण तिथवर पोचायला महिने लागतात. रेंजसाठी वेगळ्या रंगाची बॅग ठेवा. आमची लाल आहे, आणि ती गॅरेजच्या दारावरच्या खिळ्यावरून फक्त रेंजवर जाते.

भारतातले परवानाधारक नातेवाईकही मला काडतूस विचारतात. तिथे बहुतेकांकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर असतं, कानपूरचं, आणि काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीच्या कारखान्याची, बुडावर ‘केएफ’ कोरलेली. निवडीला फार वाव नाही. त्यांना मी एवढंच सांगते की डबीवरची तारीख बघा, जुनी आधी रेंजवर उडवा, परवान्यावरच्या संख्येचा हिशेब ठेवा.

रिव्हॉल्व्हरमधली पाच काडतुसं आम्ही वर्षातून एकदा बदलतो, खंडेनवमीच्या आधीच्या शनिवारी. नवरा आणि मी दोघंही रेंजवर जातो, वर्षभर पेटीत असलेली पाच त्याच वर्तुळावर उडवतो, बाकीचा सराव करतो. घरी येऊन घरं, नळी, चांदणीखालचा भाग ब्रशने साफ करतो. नव्या डबीतलं प्रत्येक काडतूस आधी उजेडात फिरवून बघतो: प्रायमर तिरका नाही ना, वर आलेला नाही ना, पुंगळीला चीर नाही ना. मग ते रिकाम्या घरात टाकून बघतो की स्वतःच्या वजनाने तळाशी जातं. पाचही गेली की सिलिंडर हाताने मिटवतो, नळी सुरक्षित दिशेला धरून. पूजेच्या दिवशी ते पेटीतच असतं, कुंकू पेटीला लावतो.